लेबल नसलेली बाटली

शंभूराव: कॉफी नको मला. विचारलं त्याचं उत्तर द्या. माझ्या मुलाला सुया तुम्ही देता की नाही?

चैत्राली: काका, आधी बसा तरी. उन्हातून आलात.

शंभूराव: उन्हातून नाही, समोरच्या हॉटेलातून आलो. सकाळपासून तिथंच बसलोय. ह्या दारातून कोण आत जातंय, कोण बाहेर येतंय, सगळं बघितलं. जाताना हात रिकामे, येताना खिसा फुगलेला. काय, प्रसाद वाटता इथं?

चैत्राली: तुमचं नाव कळेल का?

शंभूराव: शंभूराव. केएसआरटीसीत, इथल्या सरकारी बसवर चेकिंग इन्स्पेक्टर होतो, हुणसूर-पिरियापट्टण लाईनला. बिनतिकिटाचा माणूस मी खिडकीतून बघून सांगत होतो. म्हणून म्हणतो, मला गुंडाळू नका. मुलगा प्रणेश. वायरिंगची कामं करतो. येतो ना इथं?

चैत्राली: इथं कोण येतं आणि कोण येत नाही, ते मी कुणालाच सांगत नाही.

शंभूराव: मी बाप आहे.

चैत्राली: बापालाही नाही. पोलिसांनाही नाही.

शंभूराव: नोडी, बघा, पोलिसांचं नाव तुम्ही काढलं. मी नव्हतं काढलं. जयलक्ष्मीपुरमसारखी चांगली वस्ती, आणि मधेच हे घर. बाहेर बोर्ड नाही, काही नाही. लपवायचं नसेल तर बोर्ड का नाही?

चैत्राली: बोर्ड लावला तर ज्यांच्यासाठी हे घर आहे, ते येणार नाहीत. आल्यागेल्याकडे शेजारी बघत राहतील. आज तुम्ही बघत होता तसंच.

शंभूराव: तुमचं बोलणं इथलं नाही.

चैत्राली: मी नाशिकची. चैत्राली. मिस्टरांची नोकरी इथं, म्हणून आले. इथं समुपदेशक आहे.

शंभूराव: आम्ही पणजोबांपासून इथले. आमची मुलं बिघडवायला नाशिकहून माणसं आली, अष्टे, एवढंच. हे बघा. हे काय आहे?

चैत्राली: सुया आहेत. कोऱ्या, सीलबंद.

शंभूराव: त्याच्या स्कूटरच्या डिक्कीत मिळाल्या. तुमच्याच ना?

चैत्राली: ह्याच कशा, ते नाही सांगता येणार. पण अशा सुया आम्ही देतो. फुकट देतो, वापरलेल्या परत घेतो. एकाची सुई दुसऱ्यानं वापरली की रक्तातनं आजार जातो. तो जाऊ नये म्हणून.

शंभूराव: म्हणजे नशा करा, पण स्वच्छ करा.

चैत्राली: सोडायची असेल त्याला सोडायलाही मदत करतो, काका. पण सगळ्यांचं आजच्या आज सुटत नाही. तोवर त्यांना मरायला सोडून द्यायचं का?

शंभूराव: गोड बोलता तुम्ही. शिकवून पाठवलेलं दिसतंय. आणि गोळ्या? त्या पण आजारासाठीच काय?

चैत्राली: कुठल्या गोळ्या?

शंभूराव: पांढरी बाटली. कपाटात, शालींच्या मागं लपवलेली. वरचं लेबल नखानं खरवडून काढलेलं. खरं औषध असतं, तर माणूस लेबल कशाला काढेल, सांगा बघू?

चैत्राली: ती बाटली कुठं आहे आता?

शंभूराव: का?

चैत्राली: विचारते.

शंभूराव: तोंड उतरलं तुमचं. मघापासून हेच बघायला बसलो होतो मी. तुमचा माल बुडाला, हौदा? हो ना?

चैत्राली: काका, घरात आहे का ती अजून?

शंभूराव: नाही. मोरीत ओतल्या सगळ्या, वरनं पाणी सोडलं. बाटली ठेचून कचऱ्याच्या गाडीत घातली. तो पिरियापट्टणला गेला होता, तंबाखू सुकवायच्या भट्टीचं वायरिंग करायला. मागच्या आठवड्यातली गोष्ट.

चैत्राली: अरे देवा.

शंभूराव: आता बोला.

चैत्राली: मला बोलता येत नाही. खरंच येत नाही. पण माझं एक ऐका. आत्ता घरी जा आणि गोळ्या मी टाकल्या म्हणून मुलाला सांगा. आजच सांगा.

शंभूराव: मी सांगू? त्यानं लपवायचं आणि मी जाऊन कबुली द्यायची? ही कुठली रीत?

चैत्राली: मी कुणाचंच नाव घेत नाहीये. पण कुणाच्या गोळ्या कुणी न विचारता टाकल्या असतील, तर ज्याच्या होत्या त्याला कळायला हवं. तो दुसऱ्या कुणावर संशय घेत बसला असेल. किंवा लोक त्याच्यावर.

शंभूराव: नुसतं कोडं घालता. एक शब्द सरळ नाही.

प्रणेश: अक्का, डॉक्टरांचा फोन आला काय? मी आत्ता दवाखान्यातनं... अप्पा?

शंभूराव: ये. ये आत. ओळखत नाही म्हणत होत्या ह्या तुला.

चैत्राली: मी तसं म्हणाले नाही.

प्रणेश: तुम्ही इथं कसं? अक्का, तुम्ही बोलवलं ह्यांना?

चैत्राली: नाही, प्रणेश. हे स्वतः आले.

प्रणेश: स्वतः कसं येतील? ॲड्रेस कुणाला माहीत नाही. तुम्ही प्रॉमिस केलं होतं, घरात कळणार नाही म्हणून.

शंभूराव: काल तुझ्या स्कूटरच्या मागं ऑटोनं आलो. वळणावर उतरलो. त्यांनी नाही बोलवलं.

प्रणेश: फॉलो केलं मला? अय्यो. रिटायर होऊन एवढी वर्षं झाली, अजून ड्युटी चालूच आहे तुमची.

चैत्राली: प्रणेश, ह्यांच्यासमोर काय बोलायचं, काय नाही, ते तू ठरव. हवं तर मी बाहेर थांबते.

प्रणेश: नको, बसा. आणि मला एक सांगा. मी त्या विकल्या, असं डॉक्टर हयग्रीव सगळ्यांसमोर म्हणाले. ते त्यांच्या डोक्यात कुणी घातलं? तुम्ही?

चैत्राली: मी नाही घातलं. मी त्यांना सांगितलं की ह्या मुलानं पहिल्या महिन्यात एकही गोळी चुकवलेली नाही.

प्रणेश: पण तुम्हाला वाटलं तसं.

चैत्राली: हो. तू बाटली हरवली म्हणालास त्या दिवशी वाटलं. रस्त्यात परत जाताना वाटतच राहिलं. सकाळपर्यंत गेलं.

प्रणेश: नोडी. अक्काला पण वाटलं.

शंभूराव: काय विकलं? कुणी विकलं? मला कुणी नीट सांगेल काय?

प्रणेश: सांगतो. आता काय राहिलंय? लिव्हरचं आहे मला. हेपटायटिस सी. रक्तातनं येतं. त्याच्या गोळ्या चालू होत्या, सरकारी. रोज एक घ्यायची, तीन महिने. दुसऱ्या महिन्याची बाटली आणली आणि गायब झाली. नवी मागायला गेलो तर डॉक्टर म्हणतात, तू विकल्यास, तुम्ही लोक असंच करता. बाहेर महाग असते म्हणे. आता नीट कारण दिल्याशिवाय देणार नाहीत.

शंभूराव: लिव्हरचं? तुला?

प्रणेश: माझ्या दोस्ताला, जयला होतं तेच.

शंभूराव: जयला कामाले झाली होती. कावीळ. त्याची आई झाडपाल्याचं औषध देत होती, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

प्रणेश: गल्लीला काय ठाऊक? तुम्ही त्याला आपल्या पायरीवर उभं राहू देत नव्हता. शेवटी त्याला मी उचलून ऑटोत घातलं. हाताला वजनच लागत नव्हतं, आणि पोट घागरीएवढं. डॉक्टर म्हणाले, खूप वर्षांचं आहे, आधी आणायचं होतं. त्याची सुई मी घेत होतो, माझी तो घ्यायचा. कुणाचं कुणाला गेलं, गोत्तिल्ल, ठाऊक नाही.

शंभूराव: आणि मला कुणी सांगितलं नाही.

प्रणेश: मलाच कळलं नव्हतं. दुखत नाही, काही नाही. जय गेला, त्यानंतर अक्का आम्ही बसायचो तिथं येऊन बोट टोचून टेस्ट करायची. मी किती वेळा पळालो. वाटलं पोलिसांचं काही असेल, रक्त घेऊन केस लावणार. टेस्ट झाली, आहे म्हणाली. मग एका प्रायव्हेट दवाखान्यात गेलो. तिथं म्हणाले, आधी नशा सोड, मग ट्रीटमेंट. माझा हात बघितला आणि त्या बाईनं खुर्ची मागं घेतली.

शंभूराव: बरोबरच म्हणाले ते. सोडल्याशिवाय औषध कशाला? भोकाच्या घागरीत पाणी.

चैत्राली: तसं नाही, काका. हे औषध नशा सुटलेली नसली तरी काम करतं. रोज न चुकता घेतलं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. आधी सोड म्हणत बसलो, तर सुटेपर्यंत लिव्हर जातं.

शंभूराव: आणि बरा होऊन परत सुई घेतली तर?

चैत्राली: दुसऱ्याची घेतली तर परत होऊ शकतं. कोऱ्या सुया त्याचसाठी.

शंभूराव: एका ताटात जेवलो तर? सिंधूला, त्याच्या आईला काही होईल?

चैत्राली: जेवल्यानं नाही, शिवल्यानं नाही. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवायचे.

प्रणेश: आईला माहीत आहे ते.

शंभूराव: सिंधूला माहीत आहे?

प्रणेश: सुरुवातीपासून. सकाळी तुम्ही पेपर आणायला गेलात की ती पाणी घेऊन यायची. कपाट पण तिचंच होतं. लेबल मी काढलं, तुमच्या हातात पडलं तर वाचाल म्हणून.

शंभूराव: म्हणजे घरात मी एकटाच बाहेरचा.

प्रणेश: तुम्हाला कसं सांगणार? मागच्या वेळी मी स्वतः सांगितलं होतं ना? रडत सांगितलं होतं, मला बाहेर काढा म्हणून. तुम्ही काय केलं? हुणसूरच्या पुढं त्या फार्महाऊसमधे सोडून आलात. गजाला बांधून ठेवायचे मला तिथं. पाणी मागितलं की मारायचे.

शंभूराव: व्यसन सोडवायचं सेंटर आहे म्हणाले होते. चांगलं आहे, शिस्त लावतात म्हणाले.

प्रणेश: आत जाऊन बघितलं?

शंभूराव: आत सोडत नव्हते.

प्रणेश: आणि तुम्ही ऐकलं! अख्ख्या बसचं तिकीट परत परत बघणारा माणूस, तिथं एक प्रश्न विचारला नाही.

चैत्राली: प्रणेश, पाणी घे.

प्रणेश: नको. आज आमच्यातल्या त्या सुयशला शोधायला जायचंय मला. त्याला मारलं मी, अक्का. दात तुटला त्याचा.

चैत्राली: सुयशला? का?

प्रणेश: बाटली गेली त्या आठवड्यात मी एकदा त्याच्या खोलीवर झोपलो होतो. बॅग तिथंच होती, बाटली कपाटात ठेवली की बॅगेत राहिली ते आठवेना. वाटलं, त्यानंच उचलली. त्याचा पण रिपोर्ट यायचा होता ना? वाटलं, त्याला घाई झाली असेल. तो शपथा घेत होता आणि मी मारत होतो. आता तो फोन उचलत नाही. इथं पण येत नाही.

चैत्राली: त्याचा रिपोर्ट आलाय. मी त्याला रोज शोधतेय.

प्रणेश: मग गेला तो कामातनं. माझ्यामुळं. आणि चोर कोण, ते अजून कळलेलं नाही.

शंभूराव: चोर नाही कुणी.

प्रणेश: तुम्हाला काय माहीत?

शंभूराव: मी टाकल्या.

प्रणेश: काय?

शंभूराव: गोळ्या. मोरीत ओतल्या. तू पिरियापट्टणला होतास. मला वाटलं, तेच असणार. लेबल नव्हतं.

प्रणेश: तुम्ही? मी आईला विचारलं, ती घाबरून रडली. मी सगळं कपाट खाली काढलं. तुम्ही समोर बसून बघत होता. काय हरवलं, म्हणून मला विचारलं पण!

शंभूराव: विचारलं. तू काय सांगतोस ते बघायचं होतं. तू म्हणालास, चार्जर हरवला.

प्रणेश: साकु, अप्पा. पुरे. एक शब्द विचारायचा होता. प्रणेश, ह्या कसल्या गोळ्या? एवढंच.

शंभूराव: खरं सांगितलं असतंस?

प्रणेश: नसतं सांगितलं. ॲसिडिटीच्या म्हणालो असतो.

चैत्राली: दोघांनी माझं ऐका आता. भांडण घरी करा. गोळ्या बंद होऊन आठवडा होत आलाय, अजून लांबलं तर पुढं काय करायचं ते डॉक्टरांनाच नव्यानं बघावं लागेल. डॉक्टर हयग्रीव दुपारपर्यंत ओपीडीत असतात. मी सांगितलं तर ते म्हणतील, ही आपल्या पोरांची बाजू घेते. आधीही म्हणालेत. काका, तुम्ही जाऊन सांगितलंत तर होईल.

शंभूराव: मी? तिथं जाऊन?

चैत्राली: हो.

शंभूराव: माझे ओळखीचे असतात तिथं. आमचे डेपोचे पेन्शनर बीपीच्या गोळ्यांना येतात. त्यांच्यासमोर सांगू, माझा मुलगा असा आहे म्हणून?

प्रणेश: राहू दे अक्का. ह्यांना नका सांगू. मी बघतो काय ते.

शंभूराव: तू गप्प बस. बाई, तिथं नाव लिहून घेतात काय? पोलिसांकडं जातं काय ते?

चैत्राली: नाही जात.

शंभूराव: नक्की? सरकारी आहे म्हणून विचारतो.

चैत्राली: नक्की. प्रणेशनंही पहिल्या दिवशी हेच विचारलं होतं, अगदी ह्याच आवाजात.

शंभूराव: चल रे. स्कूटर काढ.

(सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. शंभूराव डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येतात. प्रणेश बाकावर बसलेला आहे.)

प्रणेश: एवढा वेळ? काय म्हणाले?

शंभूराव: शिव्या दिल्या.

प्रणेश: मला?

शंभूराव: मला. आधी तर ऐकेचनात. म्हणाले, पेशंट सांगतात बसमधे राहिली, माकडानं नेली. बापानं मोरीत ओतली हे नवीन आहे. म्हणाले, मुलाला वाचवायला खोटं बोलताय, ह्या वयात शोभत नाही.

प्रणेश: मग?

शंभूराव: मग गोळीचा रंग सांगितला, आकार सांगितला, झाकण कसं दाबून फिरवायचं ते सांगितलं. तरी बघत राहिले. मग मी म्हणालो, सर, मुलाला वाचवायला खोटं बोलणारा बाप मी नाही. तो बाहेर बसलाय, त्याला विचारा. मी तसला असतो तर त्यानं लेबल काढलं नसतं.

प्रणेश: असं म्हणालात? त्यांना?

शंभूराव: मोठ्यानं म्हणालो. बाहेर ऐकू गेलं असेल. रणोजीराव बसलाय तिथं रांगेत, आमच्या डेपोचा. त्यानं बघितलं माझ्याकडं.

प्रणेश: काय बोलला काय?

शंभूराव: नाही. मीच सांगितलं, मुलाच्या लिव्हरच्या औषधाला आलोय म्हणून. जाऊ दे. आधी तुझं रक्त घेणार आहेत, मग खालच्या खिडकीत बाटली देतील. हाक मारतील. आणि डॉक्टर म्हणाले, माझी पण टेस्ट करा, सिंधूची पण. ब्लेड वापरलं असेल म्हणून.

प्रणेश: कराल?

शंभूराव: करतो ना. माझं रक्त घेऊन कोण काय केस लावणार? सुयशकडं मी पण येतो संध्याकाळी.

प्रणेश: तुम्ही नको. तुम्हाला बघून पळेल तो.

शंभूराव: मग लांब उभा राहतो. गोळ्या मी टाकल्या एवढं तू त्याला सांग. खोटं वाटलं त्याला तर मला हाक मार.

प्रणेश: बघू. अप्पा, गोळी मी आता देवघरात सगळ्यांसमोर ठेवतो.

शंभूराव: ठेव. पण एक सांगतो. आता माझ्यावर विश्वास ठेवा म्हणून म्हणू नकोस. मला ते येत नाही. तू बाथरूममधे जरा जास्त वेळ राहिलास की मी दारापाशी येऊन उभा राहणार.

प्रणेश: माहीत आहे. नका ठेवू विश्वास. पण मागं मागं येऊ नका. विचारा.

शंभूराव: विचारलं तर खरं सांगशील?

प्रणेश: शिव्या नाही दिल्या तर.

शंभूराव: काल घेतलंस, सुईनं?

प्रणेश: घेतलं.

शंभूराव: आज?

प्रणेश: अजून नाही.

शंभूराव: अजून नाही, म्हणजे घेणार.

प्रणेश: तुम्हीच विचारलं.

शंभूराव: हो, मीच विचारलं. सरक जरा. मी पण बसतो इथं, मला काही घाई नाही.